लेबलवर 'देवगड' लिहायला सांगतायत, आणि सांगणारा माणूस चांगला आहे. काय करू?

खाडीपलीकडची

नमस्कार. इथे वाचत असते पण लिहिलं कधी नाही. आज लिहितेय कारण घरात बोलून झालंय आणि उत्तर सापडत नाहीये. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मालवण-देवगड पट्ट्यात एका आंबा पॅकिंगवाल्याकडे कामाला आहे. बिलं, ट्रान्सपोर्ट, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, सीएकडे कागद पोचवणं असं सगळं माझ्याकडे. आंबा संपला की कोकम आगळ, काजू, फणसपोळी असतं त्यामुळे पगार बारा महिने चालू. आम्ही कॅथलिक. पप्पा ट्रॉलरवर तांडेल होते, आता हार्टमुळे घरी बसून असतात.

यंदा पहिला मोहोर थ्रिप्स किडीने खाल्ला, राहिलेला अवेळी पावसाने गाळला. आमच्याकडे येणारा माल निम्म्यावर आलाय आणि ऑर्डरी मात्र ॲडव्हान्स घेऊन आधीच बुक केलेल्या. म्हणून आता रात्री कर्नाटकातून गाडी येते, क्रेटमधला आंबा सकाळपर्यंत आमच्या छापील पेट्यांत गवत घालून लागतो, वर 'देवगड हापूस' आणि त्याच्याखाली बागेचं नाव. थोडी सरमिसळ आधीपण व्हायची असं पोरं सांगतात, पण ते काम माझ्याकडे नव्हतं. यंदा लेबलं भरणारा मुलगा गोव्याला हॉटेलात गेला आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आला. बागेचं नाव पेनाने लिहायचं असतं. कुठल्या बागेचं, तर जे सुचेल ते.

पुण्याच्या एका बाईंचा व्हॉइस मेसेज आलाय. सासूबाई मूळच्या देवगडच्या, आता अंथरुणाला खिळून आहेत, काही खात नाहीत पण आंब्याचं नाव काढलं की डोळे उघडतात. 'ताई, देवगडचाच आहे ना हो, तेवढं नक्की सांगा, पैशाचं काही नाही.' मी तो ऐकलाय आणि उत्तर दिलेलं नाही. मालक दोनदा म्हणाले, अगो, त्या पुणेवालीला हो म्हणून टाक.

आता मालकांबद्दल. हा माणूस वाईट नाही हो. पप्पांना अटॅक आला त्या रात्री ॲम्ब्युलन्सची वाट न बघता स्वतःच्या गाडीत घालून गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं, नंतर ६० हजार उचल दिली आणि आजवर एकदाही मागितली नाही, पगारातून थोडी थोडी कापतात तेवढीच. नाताळात आमच्याकडे नेवऱ्या खायला येतात, सत्यनारायणाला मी तिकडे असते, प्रसादाला मी कधी नाही म्हटलं नाही आणि त्यांनी कधी माझ्या रविवारच्या मिस्सावर ऑर्डर काढली नाही. धर्माचा त्रास मला इथे कुणीही दिलेला नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण 'ख्रिस्ती माणसावर दबाव' म्हटलं की लोकांच्या डोक्यात वेगळंच येतं.

मी जरा कां-कूं केलं तर हसून म्हणाले, 'लेबल आपला, पेटी आपली, पैसे आपले, तुका काय जाता? सगळेच करतत. तू नको म्हणशीत तर दुसरो करतलो.' आईचं म्हणणं गप रव, पाण्यात रवान माशांशी वैर कित्या. पप्पा काहीच बोलत नाहीत आणि ते मला जास्त लागतं.

उपवासकाळ चालू आहे, पुढच्या आठवड्यात गुड फ्रायडे. मी चाळीस दिवस मासे-मटण सोडलंय आणि दिवसभर खोटं नाव लिहायचं, हे मला जमत नाहीये. पण ज्याने बापाला वाचवलं त्याला भर सीझनमध्ये नाही म्हणणं हेपण मला पाप वाटतं. नोकरी सोडू का? फक्त लेबल सोडून बाकी काम करू का? की माझ्यासारख्या पगारी माणसाने एवढा विचारच करायचा नसतो?

गाळा_नंबर

ताई, मी वाशी मार्केटला माल उतरवून घेतो, बरीच वर्षं झाली. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, जे आहे ते सांगतो. कर्नाटकचा माल कोकणच्या नावावर जाणं हे तुमच्यापासून सुरू झालेलं नाही आणि तुमच्यापाशी थांबणार नाही. तुम्ही नोकर आहात, निर्णय मालकाचा, फायदा मालकाचा. उद्या तुम्ही घरी बसलात तर एक पेटीसुद्धा कमी जाणार नाही पण तुमच्या पप्पांच्या गोळ्या कमी येतील. सीझन काढा, जूनमध्ये शांतपणे दुसरीकडे बघा. देव तुमची परिस्थिती बघतोय, तो कठोर नाही.

मास्तर_वेंगुर्ला

वरच्या भावाने कळकळीनेच लिहिलंय, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. देव कठोर नाही म्हणून त्या पुण्याच्या आजींना खोटं सांगायचं, हे कुठलं गणित? त्यांच्याकडे कोण बघणार मग?

बाय, मी वेंगुर्ल्याचा, रिटायर्ड शिक्षक, आमची मंडळी प्रॉटेस्टंट. तुझा प्रश्न वाचला आणि मला सगळ्यात आधी बायबलमधला आमोस आठवला. आपण संदेष्टा म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर दाढीवाला कुणीतरी येतो, पण हा माणूस स्वतःच सांगतो की मी संदेष्टा नाही, मी गुरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा. फळवाला माणूस! आणि तो कशावर बोलतो बघ, माप लहान करणारे, तराजू खोटा ठेवणारे आणि गव्हाचं भूस गहू म्हणून विकणारे, आणि वर हे लोक विचारत असतात की सण कधी संपतोय म्हणजे दुकान उघडता येईल. सण पाळत होते, बरं का. सणही चालू आणि खोटं मापही चालू. तू जे उपवासकाळाचं लिहिलंस ते आमोसाच्या आठव्या अध्यायातच आहे, तुझं मन वेडंवाकडं काही बोलत नाहीये.

दुसरी गोष्ट हनन्या आणि सप्पीरा. 'प्रेषितांची कृत्ये'च्या पाचव्या अध्यायातली. या नवराबायकोने जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे आणलेत असं दाखवलं. लोक म्हणतात त्यांनी पैसे मागे ठेवले म्हणून शिक्षा झाली. येशूचा शिष्य पेत्र तसं म्हणतच नाही. तो म्हणतो, जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते, मग असं का केलंस? म्हणजे अर्धे पैसे ठेवले असते आणि अर्धेच आणलेत म्हणून सांगितलं असतं तर कुणी बोट लावलं नसतं. गुन्हा त्यावर लावलेल्या नावाचा. तुझ्या मालकाला हे सांगता येईल असं मला वाटतं. कर्नाटकचा आंबा विकण्यात काडीचं पाप नाही. तो तिकडच्या शेतकऱ्याने घाम गाळूनच पिकवलाय. तो आणा, पेटीत घाला, विका, फक्त त्याच्या नावाने विका. 'देवगड' काढा आणि नुसतं 'हापूस' लिहा, भाव कमी लावा. म्हणजे तू नाही म्हणायला जात नाहीयेस, दुसरा रस्ता घेऊन जातेयस.

आता फक्त लेबल सोडून बाकी काम करावं का. यावर नामानाची गोष्ट आहे, बायबलच्या 'दुसरे राजे' पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, आणि ती प्रवचनात फार कमी ऐकू येते. अरामाचा सेनापती, कोड बरं झालं, देवाला मानायला लागला, आणि जाता जाता अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढं देवाने माफ करावं. अलीशा त्याला नोकरी सोड म्हणत नाही, लांबलचक भाषण देत नाही, 'शांतीने जा' म्हणतो. यातून मी एवढंच घेतो की दुसऱ्याच्या घरात काम करताना तिथल्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब तुझ्या नावावर मांडला जात नाही. तू प्रसाद खाल्लास, सत्यनारायणाला बसलीस, ते तुझ्या आणि त्यांच्या मायेचं आहे. पॅकिंगमध्ये रात्री काय होतं त्याची मालकीण तू नाहीस.

पण तुझा हात जिथे लागतो ते तुझं. माझ्या हिशोबाने त्या तीन जागा आहेत, लेबल, गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर, आणि बिल. बिल विसरू नको. लेबल दुसऱ्याने लिहिलं आणि बिलावर तूच 'देवगड हापूस' टाईप केलंस तर लेबल सोडून काही उपयोग नाही.

कलमवाला

मी हिंदू आहे, मला तुमचे अध्याय माहीत नाहीत, पण आंबा माहितीये म्हणून लिहितोय.

मास्तर, तुमचं सगळं बरोबर, एक दुरुस्ती. नुसतं 'हापूस' पण चालत नाही. २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते हापूसलाच, आणि जिल्हे पाचच आहेत, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर. धारवाडकडे कलमं हापूसचीच असली तरी तो या नावाने विकता येत नाही. 'कर्नाटक आंबा' असंच लिहावं लागेल. जीआयचा कायदा १९९९ चा आहे आणि खोटं लावलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड असं त्यात लिहिलंय. आणि ताई, बागेचं नाव तुमच्या अक्षरात आहे. हे घाबरवायला नाही सांगत, कुणी तपासायला आलं तर मालकाच्या तोंडी ऑर्डरीचा कागद नसतो, तुमच्या अक्षराचा असतो.

आता 'तुका काय जाता' याचं उत्तर. माझं जातं. माझी कलमं कातळावर आहेत, सुरुंग लावून खड्डे पाडून माती बाहेरून आणून भरलेली, आजोबांच्या वेळची. ऑक्टोबरपासून फवारणी सुरू होते ती आंबा वाटाण्याएवढा होऊन पुढे जाईपर्यंत, औषधाचे भाव तुम्ही बघताच. राखणीला नेपाळी कुटुंब ठेवावं लागतं, वानरांची टोळी एका सकाळी काय करून जाते ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. काढणी झेल्याने, देठ ठेवून, चीक सालीवर उडला तर डाग पडतो आणि तो नग बाजूला. एवढं करून माझी पेटी बाजारात जाते तेव्हा शेजारी बाहेरच्या मालाची पेटी त्याच नावाने, निम्म्या खर्चाची. दलाल मला म्हणतो तो बघ किती कमीत देतोय. आणि ज्याने ती पेटी खाल्ली तो पुढच्या वर्षी म्हणतो देवगडमध्ये आता पूर्वीची चव राहिली नाही. चव तीच आहे ओ, आंबा तो नव्हता!

म्हणून माझ्यासारख्याला तुमच्यासारखी एक मुलगी पेन खाली ठेवते हे ऐकून काय वाटतं ते मला लिहिता येत नाही. 'एक पेटीसुद्धा कमी जाणार नाही' असं गाळावाले भाऊ म्हणतात, ठीक आहे, नसेल जात. पण मग करायचं काय, कुणीच काही करायचं नाही?

गाळा_नंबर

कलमवाले, तुमचं दुखणं खरं आहे, मी ते गाळ्यावर रोज बघतो. पण शेतकऱ्याची लढाई त्या मुलीच्या पगारावर लढू नका एवढंच माझं म्हणणं. तिच्या घरात कमावणारं दुसरं कुणी दिसत नाही.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे आभार, डबा खाताना वाचलं आणि घास उतरला नाही. भाऊ गोव्यात आहे पण त्याचं त्यालाच पुरत नाही, तेव्हा गाळावाले दादा म्हणतात ते खरं आहे.

बिलाचं मास्तरांनी लिहिलंय ते माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि कलमवाले काका, अक्षराचं वाचून हात गार पडले.

एक विचारायचं राहिलं. उचलीचे साधारण ३५ हजार अजून बाकी आहेत. पैसे त्यांचे घेतलेत आणि नाही म्हणतेय, मग ते 'उपकार विसरली' म्हणणार, आणि आमच्या गावात हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. शिवाय आम्ही वाडीत ख्रिश्चनांची थोडीच घरं. 'बघा, चर्चला जाणारे असे' असं झालं तर ते माझ्या एकटीवर राहत नाही.

वसईची_काकू

पोरी, मी वसईची, होळी बाजाराच्या बाजूची. आमच्याकडे केळी, पानवेल, फुलं आणि दूध, म्हणजे माप-वजनाचे धंदे, त्यामुळे तुझ्या जागेवर मी स्वतःला सहज बघू शकते.

आधी उचलीचं. कर्ज फेडायचं असतं, ते पैशाने फेडायचं. खोट्याने फेडलेलं कर्ज फिटत नाही, उलट वाढतं, कारण पुढच्या सीझनला तो म्हणणार मागच्या वेळी केलंस ना. तू वहीत तारखेवार लिहून काढ, किती घेतले, किती कापले, किती राहिले, आणि बोलायला जाशील तेव्हा ती वही घेऊन जा. 'भाऊ, तुमचे एवढे राहिलेत, मी इथे राहिले नाही तरी महिन्याला एवढे देईन', हे आधी बोलायचं आणि लेबलचं नंतर. उपकार विसरली म्हणायला जागाच ठेवायची नाही. आणि त्या रात्रीच्या बांबोळीचं स्पष्ट बोल, तोंडाने बोल, 'पप्पा तुमच्यामुळे आहेत'. लोक हे मनात ठेवतात आणि मग समोरच्याला वाटतं विसरले.

दुसरं, हे गाडी येण्याच्या रात्री बोलायचं नाही, चार पोरांसमोर बोलायचं नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही. सकाळी लवकर जा, पॅकिंग सुरू व्हायच्या आत. चारचौघांत नाही म्हटलेलं पुरुष माणसाला अपमान वाटतो आणि मग तो आंब्याचा प्रश्न राहत नाही.

तिसरं जरा जपून सांगते. 'आमच्या धर्मात चालत नाही' असं म्हणू नको. मास्तरांना कदाचित वेगळं वाटेल. पण तसं म्हटलंस की ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'तुमच्या धर्मात चालतं', आणि ते खोटंही आहे आणि दुखवणारंही. वर कलमवाले भाऊ हिंदूच आहेत आणि तुझ्याआधी त्यांना हे खुपतंय. 'मला खोटं नाव लिहायला जमणार नाही', एवढं पुरे. त्याने विचारलं का, तर मग सांग, येशूचं नाव घेऊन सांग, लाजू नको. पेत्राच्या पहिल्या पत्रात तेच आहे, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणाऱ्याला!

आणि तू वाडीतल्या घरांचं लिहिलंस ते ओझं मला ठाऊक आहे. आमच्याकडे जमिनींवर बिल्डरांचा डोळा पडला तो काळ मी बघितलाय, फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्याबरोबर सगळ्या धर्मांचे शेतकरी होते, आणि फादरांना किती जणांनी सांगितलं असेल की कशाला, तुम्ही आपली मिस्सा बघा. ते गेले २०२४ ला. मी त्यांच्या सभांना मागे बसलेली बाई आहे, मला एवढंच कळलं की आपण थोडे आहोत म्हणून गप्प बसलो तर सुरक्षित राहतो असं नाही, फक्त थोडेच राहतो.

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारले, १८६२ ला संतपद. आम्ही दरवर्षी फेस्त करतो आणि मरणाबद्दलच बोलतो. पण फ्रान्सिस्कन ब्रदर होण्याआधी ते तिकडे व्यापारी होते, हे किती जणांना माहीत आहे? क्रूस एकदा आला. गिऱ्हाईक रोज येत असणार. मला तुझ्यासाठी त्यांचा तो आधीचा काळ जास्त जवळचा वाटतो.

मास्तर_वेंगुर्ला

काकू, मला वेगळं वाटत नाही, उलट मी भर घालतो. पेत्राच्याच पत्रात पुढे आहे की तुमच्यापैकी कुणी चोर किंवा दुष्कर्मी म्हणून दुःख भोगू नये, ख्रिस्ती म्हणून भोगावं लागलं तर लाजू नये. बाय, तुला उद्या नोकरीवरून काढलं तर तो ख्रिस्ती लोकांचा छळ नसेल, तो एका धंदेवाल्याचा राग असेल. त्याला छळाचं नाव देऊ नको. त्याच्याबद्दल वाडीत वाईट बोलू नको. हे अवघड आहे, मला माहितीये.

कलमवाल्यांचे आभार, जीआयची दुरुस्ती मान्य.

दापोलीचा_अकाउंटंट

थोडक्यात लिहितो कारण सगळं बोलून झालंय पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. मी एका ठिकाणी खोट्या मजुरीच्या पावत्यांवर सही करायला नाही म्हटलं, काढलं नाही पण काम काढून घेतलं, शेवटी मीच सोडलं. त्यानंतर बराच काळ घरी होतो. चर्चमध्ये लोक खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, देव याहून चांगलं देईल. मिळाली ती नोकरी कमी पगाराची, आणि अजून तीच आहे.

बाबेलच्या भट्टीपुढे उभे राहिलेले ते तिघं, शद्रख, मेशख, अबेदनगो, नबुखद्नेस्सर राजाला काय म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'नाही सोडवलं तरी' हे शब्द धरून ठेव. बदल्यात काही मिळेल म्हणून नाही म्हणायला जाशील तर पहिल्याच महिन्यात कंबर मोडेल. मला पश्चात्ताप नाही. बायको दोन वर्षं शिवणाचं मशीन चालवत होती हे मात्र खरं आहे आणि ते लपवून तुला उपदेश करणं मला बरं वाटत नाही.

पप्पांची औषधं जनऔषधी दुकानात मिळतात का बघ, तोच घटक बराच स्वस्त पडतो. डॉक्टरला विचारून.

खाडीपलीकडची

आज सकाळी बोलले. काकूंनी सांगितलं तसंच, वही घेऊन, पोरं यायच्या आधी. मालक खोक्यांवर बसून चहा पीत होते.

उचलीचं ऐकून घेतलं, म्हणाले ते कोणी विचारलंय. पप्पांचं बोलले तेव्हा मान खाली घातली. मग लेबल, बिल आणि पुणेवाल्या बाई, तिन्ही सांगितलं, आणि 'कर्नाटक आंबा' म्हणून वेगळ्या भावाने विकूया, मी स्वतः एकेका गिऱ्हाइकाला फोन करते, हेही सांगितलं. आवाज थरथरत होता माझा.

चिडले. माझ्यावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोक्यात कुणी भरवलं विचारलं, फादरनी का? मी नाही म्हटलं. मग म्हणाले, तुझ्या देवाक माझी बँक दिसता काय, हप्तो दिसता काय. मला वाटतं तो प्रश्न खराच होता, टोमणा नव्हता, त्यांच्यावर पण कर्ज आहे आणि ॲडव्हान्स खर्च झालेत. मी म्हटलं, दिसतो, म्हणूनच मी फोन करायला तयार आहे, जे रागावतील ते माझ्यावर रागावू देत. बराच वेळ गप्प बसले.

शेवटी काय झालं तर पुणेवाल्या बाईंना खरं सांगायला हो म्हणाले. मी लगेच फोन केला. त्यांनी ऑर्डर रद्द केली नाही, म्हणाल्या थांबते, खरा देवगडचा उतरला की एक डझन तरी पाठवा, आजी आहेत तोवर. चार-पाच जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांनाही विचारायला सांगितलंय, दोघांनी पैसे परत मागितले, एकाने कर्नाटकचा घेतला, भाव कमी लावून. बाकीची गाडी मात्र कालच्यासारखीच देवगड म्हणून गेली. लेबलं आता पॅकिंगमधल्या एका मुलाला दिलीत, बारावी नापास आहे, पैशाची गरज माझ्याहून जास्त. बिलं मालक स्वतः करतायत. माझ्याकडे कोकम-काजू आणि ट्रान्सपोर्ट. पगार तोच ठेवलाय, सीझन संपल्यावर बघू म्हणाले, त्याचा अर्थ मला कळतो.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, बरा केलंस. आई बोलत नाहीये.

आता तो मुलगा माझ्या डोळ्यासमोर आहे. मी माझा हात काढून घेतला आणि त्याचा तिथे गेला. याचं काय करायचं?

कलमवाला

ताई, त्याला कायद्याचं सांगा. अक्षराचं. मालकाच्या मागे नाही, मालकांना सांगून सांगा, की याला निदान माहीत असू दे. वयाने लहान आहे, त्याला कुणी सांगितलं नसणार.

आणि त्या पुण्याच्या आजींसाठी एक डझन माझ्याकडून. पहिल्या मोहोराची थोडी झाडं वाचलीत, अढीत घातलेत, आठ दिवसांत तयार होतील. बिल तुमच्या मालकांच्या नावानेच करा, गिऱ्हाईक त्यांचं आहे, पण बागेचं नाव माझं लिहा. पत्ता इथे नको, खासगी निरोपात पाठवा.

वसईची_काकू

त्या मुलाला सांग, पण एकदाच सांग, रोज नको. तुला कुणी ढकललं असतं तर तू हललीच नसतीस, तुझ्या मनात आधीपासून होतं. त्याला तेवढा वेळ दे. आणि त्याला इंग्लिश सोडवायला मदत लागते का विचार, बारावीची पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये असते. पास झाला तर त्याला ते टेबल सोडून दुसरीकडे जाता येईल.

आईचं मनावर घेऊ नको. आज तिच्याबरोबर तेर्साला, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेला, बस, न बोलता बस.

गाळा_नंबर

मी माझं मत बदललेलं नाही, तुम्ही धोका घेतलात असंच मला वाटतं. पण जूनमध्ये बाहेर पडायची वेळ आली तर वाशीत दोन-तीन कोकणी व्यापारी आहेत जे कर्नाटकचा माल कर्नाटकचा म्हणूनच विकतात, बोर्ड लावून. त्यांना हिशोबाला विश्वासाचं माणूस लागतं, फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून घरबसल्या करता येण्यासारखं काम असतं. शब्द देत नाही, विचारून ठेवतो. तुम्हाला टॅली येतं का, आणि ई-वे बिल काढता येतं का, तेवढं कळवा.